मुलाखतीतील दुसरा प्रश्न

लेखी परीक्षेच्या निकालात आपला क्रमांक दिसतो, घरात पेढे येतात आणि दुसऱ्या दिवसापासून एका वेगळ्याच तयारीला सुरुवात होते. नेहमीच्या प्रश्नांची ‘आदर्श उत्तरे’ देणारी पुस्तके विकत आणली जातात, मित्रांच्या वह्या उतरवून घेतल्या जातात आणि आरशासमोर उभे राहून उत्तरांची घोकंपट्टी चालते. एवढे करूनही मुलाखत देऊन परतणारे अनेक उमेदवार एकच तक्रार करतात : “प्रश्न सगळे अपेक्षितच होते, पण मुलाखत काही मनासारखी झाली नाही.”

या तक्रारीचे कारण शोधणे अवघड नाही. पहिला प्रश्न अपेक्षित असतो, दुसरा नसतो. ‘स्वतःविषयी सांगा’, ‘बँकेतच का यायचे आहे?’, ‘तुमची उणीव कोणती?’ हे प्रश्न सर्वांना ठाऊक आहेत आणि ते सर्वांना ठाऊक आहेत हे मुलाखत मंडळालाही ठाऊक असते. म्हणून मंडळाचे खरे लक्ष असते ते उमेदवाराच्या उत्तरातूनच जन्माला येणाऱ्या पुढच्या प्रश्नाकडे. पाठ केलेले उत्तर तेथे संपते. स्वतःच्या अनुभवातून आलेले उत्तर तेथे सुरू होते. मुलाखतीची तयारी करायची ती या दुसऱ्या प्रश्नाची.

मुलाखतीचे वजन किती?

सार्वजनिक क्षेत्रातील बँकांपैकी भारतीय स्टेट बँक आपली भरती स्वतंत्रपणे करते. उर्वरित ११ बँकांच्या परिविक्षाधीन अधिकाऱ्यांची निवड इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग पर्सोनेल सिलेक्शन, म्हणजेच आयबीपीएस, या संस्थेच्या सामाईक प्रक्रियेतून होते. सामाईक लेखी परीक्षेची ही पद्धत २०११ साली सुरू झाली. पूर्वपरीक्षा केवळ चाळणीसाठी असते. अंतिम गुणवत्ता यादीत मुख्य परीक्षेला ८० टक्के आणि मुलाखतीला २० टक्के महत्त्व दिले जाते. मुलाखत १०० गुणांची असून तीत किमान ४० टक्के गुण आवश्यक असतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग व दिव्यांग उमेदवारांसाठी ही मर्यादा ३५ टक्के आहे. लिपिक पदासाठी मात्र मुलाखत घेतली जात नाही.

वीस टक्के हे प्रमाण वरवर पाहता किरकोळ भासते. प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. मुख्य परीक्षेत शंभरपैकी ५० गुण मिळविणाऱ्या दोन उमेदवारांचे त्या भागातील योगदान प्रत्येकी ४० होते. मुलाखतीत एकाला ४० आणि दुसऱ्याला ६० गुण मिळाले, तर पहिल्याच्या खात्यात ८ आणि दुसऱ्याच्या खात्यात १२ गुण जमा होतात. एकूण फरक ४ गुणांचा! हाच फरक लेखी परीक्षेतून भरून काढायचा तर मुख्य परीक्षेत शंभरपैकी ५ गुण अधिक मिळवावे लागले असते. अंशाअंशाने यादी वरखाली होते अशा स्पर्धेत हे अंतर नियुक्तीपत्र आणि आणखी एक वर्षाची अभ्यासिका यांतील अंतर ठरू शकते.

‘स्वतःविषयी सांगा’

हा प्रश्न म्हणजे मंडळाने उमेदवाराच्या हाती दिलेला लगाम होय. पुढील पंधरा-वीस मिनिटांचे संभाषण कोणत्या रस्त्याने जाणार हे बऱ्याच अंशी येथे ठरते. तरीही बहुतेक उमेदवार अर्जात छापलेलेच पुन्हा म्हणून दाखवितात : नाव, गाव, दहावीचे गुण, बारावीचे गुण, वडिलांचा व्यवसाय, छंद. ही माहिती मंडळासमोरील कागदावर असतेच.

त्याऐवजी दीड-दोन मिनिटांत तीन-चार गोष्टी सांगाव्यात आणि त्या अशा निवडाव्यात की त्यांवर कितीही खोल विचारले तरी बोलता येईल. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्यातून आलेला उमेदवार ‘आमचा भाग डाळिंबासाठी प्रसिद्ध आहे’ असे म्हणाला, तर ते वाक्य तेथे थांबत नाही. मंडळातील कृषी कर्जाचा अनुभव असलेला सदस्य लगेच विचारील : बागेला कर्ज देताना बँकेने काय पाहावे? ‘तेल्या’ रोगाने बाग गेली तर कर्जाचे काय? डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र कोठे आहे? ते सोलापुरातच आहे आणि हे सोलापूरच्या उमेदवाराला ठाऊक नसावे, याचे मंडळाला आश्चर्य वाटते. ज्याने लहानपणापासून बागेत काम केले आहे, त्याला पाण्याची सोय, बहराचा काळ, फवारणीचा खर्च आणि बाजारभावाची अनिश्चितता यांविषयी पुस्तक न उघडता बोलता येते. हेच त्याचे भांडवल आहे; पण ते उत्तरात कसे आणायचे याचा विचार त्याने आधी केलेला असला पाहिजे.

छंदांचेही तसेच आहे. ‘वाचन’ असे लिहिले की ‘शेवटचे पुस्तक कोणते वाचले?’ हा प्रश्न ठरलेला. एखाद्याने भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चे नाव घेतले आणि मंडळ हैदराबादचे वा लखनौचे असेल, तर सदस्यांनी ती कादंबरी वाचलेली असेलच असे नाही. १९६३ साली प्रसिद्ध झालेली, खानदेशातून पुण्यात शिकायला आलेल्या तरुणाची ही गोष्ट मराठी न जाणणाऱ्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येणे आणि ती आपल्याला का भावली हे तिसऱ्या वाक्यात सांगता येणे, एवढी तयारी हवी. ती नसेल तर तो छंद अर्जात लिहूच नये.

‘अभियांत्रिकीनंतर बँक कशासाठी?’

आज अधिकारी पदाच्या उमेदवारांत अभियंत्यांची संख्या मोठी आहे. त्यांना हा प्रश्न हमखास विचारला जातो. ‘देशसेवा करायची आहे’ हे उत्तर उदात्त असले तरी पोकळ वाटते, कारण देशसेवा पूल बांधूनही करता येते. ‘बँकिंग क्षेत्र वेगाने वाढत आहे’ हे उत्तर बँकेविषयी काही सांगते. उमेदवाराविषयी काहीच सांगत नाही.

नोकरीची शाश्वती आणि नियमित वेतन ही कारणे लपविण्याची गरज नाही. मंडळावरील सदस्यही याच कारणांनी कधीकाळी या सेवेत आलेले असू शकतात. मात्र तेवढेच कारण पुरेसे नाही. आपल्या शिक्षणातील कोणती गोष्ट शाखेत उपयोगी पडेल, याचा एक ठोस दाखला जोडावा. यांत्रिकी शाखेच्या पदवीधराला लघुउद्योजकाचा यंत्रसामग्रीचा प्रस्ताव वाचताना ते यंत्र खरोखर किती उत्पादन देईल याचा अंदाज येतो. संगणक अभियंत्याला ग्राहकाचा अडकलेला व्यवहार समजावून घेता येतो. यावर दुसरा प्रश्न येईल : “मग माहिती तंत्रज्ञानातील विशेषज्ञ अधिकारी का नाही?” या प्रश्नाचे उत्तर आधी स्वतःलाच द्यावे. लोकांमध्ये मिसळून काम करण्याची खरी आवड असेल, तर ती कोठे दिसली याचे उदाहरण हाताशी ठेवावे.

उणिवा आणि मधली वर्षे

‘मी फार परिश्रम करतो, हीच माझी उणीव’ असली चतुर उत्तरे मंडळाने असंख्य वेळा ऐकलेली असतात. उणीव खरी असावी, कामाच्या मुळावर येणारी नसावी आणि ती दूर करण्यासाठी काय चालू आहे हे सांगता यावे. अनोळखी लोकांपुढे बोलताना संकोच वाटतो, म्हणून गेले सहा महिने अभ्यासिकेत दर रविवारी एक विषय मांडतो, हे उत्तर साधे आहे. ‘मागच्या रविवारी कोणता विषय मांडला?’ या दुसऱ्या प्रश्नालाही ते टिकते, मात्र तो विषय खरोखर मांडलेला असला तरच.

सर्वांत अधिक धास्ती असते ती पदवीनंतरच्या मोकळ्या वर्षांची. तीन-तीन, चार-चार प्रयत्नांनंतर मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्या उमेदवाराला ‘इतकी वर्षे काय केलेत?’ हा प्रश्न आरोपासारखा वाटतो. तो आरोप नसतो. ‘स्पर्धा परीक्षांची तयारी केली, पहिल्या दोन प्रयत्नांत इंग्रजीत कमी पडलो, तिसऱ्या वेळी त्यावर काम केले, दरम्यान शिकवण्या घेऊन घरखर्चाला हातभार लावला’, असे सरळ सांगावे. अपयशाची कबुली आणि त्यातून केलेला बदल यांतून माणूस दिसतो. खोटी नोकरी वा खोटा अभ्यासक्रम सांगणारा मात्र दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतो आणि मग त्याची खरी उत्तरेही संशयास्पद ठरतात.

बदलीचा प्रश्न

राष्ट्रीयीकृत बँकेतील अधिकाऱ्याची बदली देशात कोठेही होऊ शकते. अनेक बँकांत पदोन्नतीसाठी ग्रामीण वा निमशहरी भागातील सेवाही आवश्यक मानली जाते. ‘कोठेही जायला तयार आहे’ हे उत्तर सर्वच देतात. दुसरा प्रश्न तेथेच दबा धरून असतो : “आपण एकुलते एक आहात. आई-वडिलांकडे कोण पाहील?”

याचे उत्तर मुलाखतीच्या खोलीत शोधायचे नसते. ते घरी, स्वयंपाकघरात बसून शोधायचे असते. घरच्यांशी मोकळेपणाने बोलून ठरलेले असेल, तर उत्तरात आपोआप शांतपणा येतो. विवाहाविषयी प्रश्न आल्यास उमेदवार मुलींनीही तितक्याच शांतपणे, सेवेच्या अटी समजून घेऊन अर्ज केला असल्याचे सांगावे.

ज्ञानाची कसोटी : ‘का?’

बँकिंगविषयक प्रश्नांत व्याख्या पाठ असणे ही केवळ पहिली पायरी होय. अनुत्पादक कर्जाची व्याख्या बहुतेकांना येते : व्याज वा मुद्दलाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला की मुदत कर्ज अनुत्पादक ठरते. त्यावर प्रश्न येतो : हाच नियम पीककर्जाला का लागू होत नाही? तेथे मोजमाप पीक हंगामाचे असते. अल्पमुदतीच्या पिकांसाठी दोन हंगाम आणि दीर्घमुदतीच्या पिकांसाठी एक हंगाम थकबाकी राहिल्यास खाते अनुत्पादक होते. कारण उघड आहे : शेतकऱ्याच्या हाती पैसा दरमहा येत नाही, सुगीला येतो. ज्याला हे ‘का’ कळले, तो व्याख्या विसरला तरी उत्तर चुकत नाही.

ठेव विम्याचेही तसेच. विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून १ लाखावरून ५ लाख रुपये झाली, हे तारखेसह सांगणारे पुष्कळ असतात. “माझी तुमच्या दोन शाखांत मिळून आठ लाखांची ठेव आहे, विमा किती?” असे सदस्याने ग्राहक होऊन विचारताच गोंधळ उडतो. एकाच बँकेच्या सर्व शाखांतील, एकाच नात्याने ठेवलेल्या ठेवी एकत्र धरल्या जातात आणि मुद्दल व व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच विमा असतो. प्रत्येक संकल्पना काउंटरपलीकडील माणसाला समजावून सांगता येते का, ही कसोटी उमेदवाराने घरीच लावून पाहावी. आजीला समजले, तर मंडळाला समजेल.

प्रसंगावर आधारित प्रश्न

अलीकडे काल्पनिक प्रसंग देऊन प्रतिसाद जोखण्याकडे कल वाढला आहे. एक नमुना पाहू. सत्तरीतील एक ग्राहक घाईघाईने शाखेत येतात आणि मुदतपूर्व ठेव मोडून सर्व रक्कम एका अपरिचित खात्यात पाठवा, असे सांगतात. त्यांचा भ्रमणध्वनी सतत सुरू आहे, चेहरा घाबरलेला आहे. अधिकारी म्हणून काय कराल?

सजग उमेदवार ओळखतो की हा ‘डिजिटल अटक’ नावाने होणाऱ्या फसवणुकीचा प्रकार असू शकतो. तो म्हणतो : ग्राहकाला बाजूच्या खोलीत बसवीन, पाणी देईन, फोन बंद करण्याची विनंती करीन, भारतीय कायद्यात अशी कोणतीही अटक नाही हे समजावीन, शाखा व्यवस्थापकांना बोलावीन. पैसे आधीच गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करण्यास मदत करीन.

उत्तर चांगले आहे. आता दुसरा प्रश्न : “ग्राहक म्हणतात, पैसे माझे आहेत, अडविणारे तुम्ही कोण?” येथे पाठांतर संपते. पैसे ग्राहकाचेच आहेत आणि त्यांच्या आदेशाचा मान राखणे हे बँकेचे कर्तव्य आहे. त्याच वेळी त्यांची आयुष्यभराची पुंजी जात असताना केवळ अर्ज पुढे सरकविणे हेही योग्य नव्हे. कुटुंबीयांशी एकदा बोलून घेण्याची विनंती करणे, पैसे कोणाला व कशासाठी जात आहेत हे नम्रपणे विचारणे, निर्णय एकट्याने न घेता वरिष्ठांकडे नेणे : असा तोल साधणारा उमेदवार मंडळाला हवा असतो. अशा प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नसते. नियम आणि माणूस या दोहोंचे भान उमेदवाराला आहे की नाही, एवढेच पाहिले जाते.

‘माहीत नाही’ आणि भाषेचा संकोच

सर्व प्रश्नांची उत्तरे कोणालाच येत नाहीत. ‘क्षमा करा, याची मला माहिती नाही’ हे वाक्य स्वच्छ आवाजात म्हणता यावे. अंदाजाने सांगायचे असेल, तर तो अंदाज आहे हे आधी सांगावे. ग्राहकाला चुकीचा व्याजदर ठामपणे सांगणारा अधिकारी बँकेला महागात पडतो. ‘पाहून सांगतो’ म्हणणारा नाही.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना इंग्रजीचा धाक वाटतो. बँकांच्या जाहिरातींत हिंदीतून मुलाखत देण्याची मुभा असल्यास तिचा विनासंकोच लाभ घ्यावा. त्यासाठी त्या वर्षीची जाहिरात नीट वाचावी. पण हिंदीही गृहीत धरू नये. मराठीतील ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण होते आणि हिंदीतील ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न! लहान वाक्ये, परिचित शब्द आणि संथ गती हा कोणत्याही भाषेतील उत्तम उपाय होय.

तयारीची वही

या साऱ्या तयारीसाठी एक साधी वही पुरते. अर्जातील प्रत्येक नोंदीला एक पान द्यावे : गाव, जिल्हा, पदवीचा विषय, छंद, पूर्वीची नोकरी, मोकळी वर्षे. पानाच्या वरच्या भागात अपेक्षित प्रश्न व त्याच्या उत्तराचे तीन-चार मुद्दे लिहावेत. पूर्ण वाक्ये लिहू नयेत, कारण लिहिलेले वाक्य पाठ होते आणि पाठ झालेले वाक्य ऐन वेळी एका शब्दासाठी अडते. पानाच्या खालच्या भागात त्या उत्तरातून निघू शकणारे तीन प्रश्न लिहावेत. ते स्वतःला न सुचल्यास वही घरातील वडीलधाऱ्यांच्या किंवा मित्राच्या हाती द्यावी आणि ‘कोठेही अडवा’ असे सांगावे. तीन वेळा अडविल्यानंतरही जे उत्तर उभे राहते, ते मुलाखतीच्या खोलीत नेण्यासारखे असते. जे कोसळते, त्यातील अतिशयोक्ती शोधून काढून टाकावी.

सेवेतील सहकाऱ्यांसाठी

ही पद्धत केवळ नवागतांसाठी नाही. पदोन्नतीच्या मुलाखतीला बसणाऱ्या लिपिकांना आणि अधिकाऱ्यांनाही दुसरा प्रश्न चुकत नाही. ‘शाखेतील चालू व बचत ठेवींचे प्रमाण किती?’ याचे उत्तर आकड्यात देता येते. ‘ते वाढविण्यासाठी तुम्ही स्वतः काय केले?’ याचे उत्तर वर्षभराच्या कामातच असावे लागते. परिपत्रके आदल्या आठवड्यात वाचता येतात, पण वसुलीसाठी कोणत्या कर्जदाराच्या घरी गेलो, कोणती तक्रार मिटविली आणि कोणती मिटविता आली नाही, या नोंदी त्या त्या वेळीच ठेवाव्या लागतात. दर महिन्याला एक पान लिहिले, तरी वर्षाअखेरीस बारा खरे दाखले हाती असतात.

ज्यांच्या घरी या वर्षी कोणी मुलाखतीला निघाले असेल, त्यांनाही एक करता येईल. ‘तयारी झाली का?’ असे विचारण्याऐवजी उमेदवाराला समोर बसवून नेहमीचा एखादा प्रश्न विचारावा, उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे आणि मग त्याच उत्तरातला एक शब्द धरून पुढचा प्रश्न विचारावा.